डिस्कनं सांगितलेले तेवीस हजार तास

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दुकानदारानं मला वापरलेली हार्ड डिस्क नवी म्हणून विकली. ती मी कोरेगावातल्या माजी सैनिकांच्या एका मदत केंद्रात नवी म्हणून बसवली. म्हणजे त्यानं मला फसवलं, आणि माझ्या हातानं सुभेदारांना आणि शेवंताबाईंना फसवलं. हे आधीच सांगून टाकते. दिवाळी अंकात लोक गोड सुरुवात करतात आणि खरी गोष्ट शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवतात. माझ्यात तेवढा धीर नाही.

माझा धंदा ऑफिसांतून कॉम्प्युटर, वायफाय आणि बॅकअप बसवून देण्याचा. सव्वीस वर्षं झाली. टायपिंगच्या क्लासची फी परवडत नव्हती म्हणून त्याच क्लासची फरशी पुसायचं काम धरलं आणि बदल्यात टायपिंग शिकले. टायपिंग मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तो बंद पडला की साताऱ्याहून माणूस यायला आठ दिवस लागायचे. आठव्या दिवशी तो माणूस एक स्क्रू पिळायचा आणि मिशीला ताव देऊन जायचा. तिसऱ्या वेळी मी स्क्रू ड्रायव्हर विकत आणला. पुढे शिडी घेतली, ड्रिल घेतलं, आणि कोरेगावच्या बाजारपेठेत बाई शिडीवर चढलेली बघायला लोक थांबायचे तेही सोसलं. एका वकिलांनी विचारलं होतं, "ताई, मिस्त्री कुठाय?" मी वरूनच म्हटलं, "मिस्त्री शिडीवर हाय. तुमी शिडी धरा."

आणि भाव करते. भाव न करता मी आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही. याचा अभिमान होता. होता म्हणते, कारण त्याच गुणानं या वेळी माझा घात केला.

आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंटरनेट बाहेरून वायरीनं येतं, नळाला पाणी यावं तसं. वायफाय हा निराळा प्रकार. राउटर नावाची डबी एका जागी बसून बारीक आवाजात बोलत असते आणि कॉम्प्युटर, मोबाइल ते ऐकत असतात. मध्ये दगडी भिंत आली की आवाज दबतो. लोखंडी पत्रा आला की मेलाच. कोरेगावात एका बियाण्याच्या दुकानदारानं चोरीच्या भीतीनं राउटर गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि वर मलाच फोन, "ताई, तुमचं वायफाय लय कमजोर निघालं." साताऱ्यात एका क्लासवाल्या सरांनी राउटर माशांच्या टाकीमागं दडवला होता, शोभा जाते म्हणून. पाण्यानंही आवाज दबतो. त्यांना म्हटलं, "सर, आत्ता फक्त मासेच शिकतायत." असली गिऱ्हाइकं मला आवडतात. चूक त्यांची असते, पण लबाडी नसते.

आणि बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच आणखी एका ठिकाणी. ज्या दिवशी लागत नाही त्या दिवशी तो निव्वळ फुकटचा खर्च वाटतो, आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो सोडून दुसरं काहीच लागत नाही. माझा नियम असा की मूळ एक, प्रत एक, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या छपराखाली.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मदत केंद्राचं बोलावणं आलं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर. केंद्र चालवतात ते निवृत्त सुभेदार. सत्तरी ओलांडलेली, पाठ अजून ताठ, पगार एक रुपया नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. तो निवृत्त झाला की पेन्शन, आणि तो गेला की त्याच्या बायकोची कुटुंब पेन्शन, आणि दोन्हींसाठी कागद. सुभेदारांनी ठरवलं होतं की तालुक्यातल्या आणि जवळपासच्या माजी सैनिकांची डिस्चार्ज बुकं, म्हणजे नोकरीचा सगळा तपशील असलेली पुस्तकं, माणूस हयात आहे तोवरच पानन् पान स्कॅन करून ठेवायची. मूळ पुस्तक ज्याचं त्याला परत. "कागद ज्याचा त्याच्या ताब्यात," हा त्यांचा हुकूम.

मी दोन डिस्क सांगितल्या. एक ऑफिसात, एक त्यांच्या घरी. सुभेदार म्हणाले, "एका जवानाला एकच रायफल असती ताई. ती नीट सांभाळायची. दोन दिल्या की दोनी बिघडत्यात."

"रायफल बिघडली तर?"

"माझी कधी बिघडली न्हाई."

मी हरले. गिऱ्हाइकाशी बोलण्यात मी हरल्याचे प्रसंग बोटांवर मोजावेत, त्यातला हा एक.

डिस्क आणायला विश्रामबागेत गेले. त्या दुकानदाराकडून मी अकरा वर्षं माल घेत होते. नाव लिहीत नाही, त्याला कळेल. विटेएवढी काळी पेटी, आत डिस्क, वर चकचकीत वेष्टण, सील. मी माझ्या सवयीनं भाव पाडायला लागले. एरवी तो छातीवर हात ठेवायचा, मुलांची शप्पथ घ्यायचा, चहा मागवायचा, अर्धा तास खेळ चालायचा. त्या दिवशी मी म्हटलेल्या भावाला तो तीन मिनिटांत तयार झाला. "न्या ताई, तुमच्यापुढं कोण बोलणार?" मी फुशारकीत एसटीत बसले. कोरेगाव येईपर्यंत मनातल्या मनात जिंकत होते. माल विकणारा भांडला नाही की समजावं, मालातच काहीतरी आहे. ही अक्कल मी दुसऱ्यांना शिकवत आले, आणि त्या दिवशी माझीच मी विसरले.

डिस्क राउटरला जोडली. रोज संध्याकाळी आठ वाजता कॉम्प्युटर आपोआप नव्या फायलींची प्रत तिच्यात टाकतील असं लावून दिलं. कॉम्प्युटर चालू ठेवा, बाकी कशाला हात लावू नका, एवढंच सांगून गेले. वायफायचा पासवर्डही दिला. आठ दिवसांनी फोन आला की सुलभा, म्हणजे तिथली कारकून, तिच्या कॉम्प्युटरला नेट लागत नाही. गेले तर कळलं, सुभेदार रोज सकाळी पासवर्ड बदलत होते. पलटणीत पहाऱ्यावर परवलीचा शब्द रोज बदलतो म्हणे. आदल्या दिवशीचा 'नारळ' होता, त्या दिवशी 'वस्तरा'. सुलभा सुट्टीवरून आली होती, तिच्याकडे अजून 'कुदळ'च होता. मी हात जोडले. महिन्याला एकदा बदलायचं यावर तह झाला.

तेवढ्यात माझं लक्ष डिस्ककडे गेलं, आणि तिच्यात एकही फाइल नव्हती.

"सुभेदारसाहेब, संध्याकाळी आठला ही चालू असते ना?"

"आठला? आठला ती कोतात असती."

पलटणीत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. संध्याकाळी रायफल मोजून, सही करून कोतात जमा करायची, सकाळी सही करून बाहेर काढायची. सुभेदारांनी तसंच चालवलं होतं. ठीक साडेपाचला डिस्कची वायर काढायची, पेटी फडक्यात गुंडाळायची, लोखंडी कपाटात ठेवायची, किल्ली खिशात. आणि त्यासाठी एक लांबोडकं रजिस्टर. दिनांक, बाहेर किती वाजता, जमा किती वाजता, सही. एक दिवस चुकलेला नाही.

मी तापले. माझं तापणं कोरेगावात ठाऊक आहे. "अहो, ही काय बंदूक आहे? ही जागची हलवायची नसते! आठ दिवस एक अक्षर साठलं नाही यात!"

ते शांतपणे म्हणाले, "किमती वस्तू उघड्यावर ठिवून माणूस घरी जात न्हाई ताई. तुमी तिचा टाइम बदला. माझा बदलायचा न्हाई."

बदलली. दुपारी दीड, जेवणाच्या सुट्टीत. मी समोर बसून पहिली प्रत उतरवून घेतली, चार फायली उघडून पाहिल्या, आणि बंद करताना वायर ओढायच्या आधी कोणतं बटण दाबायचं ते शिकवलं. त्यांनी ते भिंतीवर लिहून चिकटवलं आणि पाळलं. त्या रजिस्टरला मात्र मी महिनाभर गावभर हसले.

मे महिन्यात वळवाची वीज कडाडली आणि केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर जळाला. सगळे स्कॅन त्यातच होते. सुभेदारांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काळजी करू नका, कोतात रायफल आहे ना?" ते हसले. मीही हसले. नवा कॉम्प्युटर घेऊन चौथ्या दिवशी गेले, तर बाकावर शेवंताबाई बसलेल्या.

पाटणकडच्या एका वाडीतून दोन एसट्या बदलून आलेल्या. त्यांचे मालक हवालदार होते. दिवाळीनंतर स्वतः येऊन त्यांनी आपलं पुस्तक स्कॅन करून घेतलं होतं, सुलभाला म्हणाले होते, "फोटो चांगला काढा, लग्नाचा न्हाई निघाला." फेब्रुवारीत ते गेले. कुटुंब पेन्शन अडली ती नावावर. पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव शेवंता, आधार कार्डावर सुमन. माहेरचं शेवंता, लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं सुमन. आमच्याकडे निम्म्या बायकांचं असंच आहे. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहितात, हसतात, पेढे वाटतात, आणि पन्नास वर्षांनी ती बाई स्वतःच स्वतःची कोणी लागत नाही असं सरकार म्हणतं. पण हवालदार शहाणे. त्यांनी नोकरीत असतानाच पुस्तकात नोंद करून घेतली होती, 'शेवंता ऊर्फ सुमन', वर शिक्का आणि सही. एक ओळ. त्या ओळीवर सगळं.

शेवंताबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं. वाळवीनं नेमकी मधली पानं चाळणी करून टाकली होती. सुलभानं ते उघडलं तर टेबलावर भुस्सा पडला.

"मी शेवंता बी हाय नि सुमन बी हाय," त्या म्हणाल्या. "आता दोन बायका कुठनं आणू?"

सुभेदार म्हणाले, "आणायची गरज न्हाई माय. तुझं पान आमच्याकडं हाय." कपाट उघडलं, रजिस्टरात सही केली, फडकं सोडून पेटी माझ्या हातात दिली.

मी जोडली. दिवा लागला. आतून टक् टक् असा आवाज यायला लागला. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना मरत्या डिस्कचा तो आवाज ठाऊक आहे. डिस्क आपलं नाव सांगत होती, आकार सांगत होती, पोटातलं काही देत नव्हती. मी वायर बदलली, पेटी बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. शेवंताबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तासाभरानं त्यांनी विचारलं, "घावंना व्हय पोरी?"

बावन्न वर्षांच्या मला पोरी म्हणाल्या. मला "नाही" म्हणता येईना. मी म्हटलं, "बघते." सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

जळालेल्या कॉम्प्युटरमधली डिस्क आणि ही डिस्क, दोन्ही पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवल्या. दोन आठवड्यांनी दोन्ही परत आल्या. पहिलीत काही उरलं नव्हतं. दुसरीच्या आत चकतीवर ओरखडे. त्यांच्या कागदावर शेवटी एक आकडा होता, एकूण चालल्याचे तास तेवीस हजार चारशे बारा.

मी तो आकडा तीन वेळा वाचला. प्रत्येक हार्ड डिस्क आपण किती तास चाललो हे स्वतःच मोजत असते, गाडीच्या किलोमीटरसारखं. वेष्टण बदलता येतं, सील मारता येतं, पेटी नवी घालता येते. हा आकडा सहसा कोणी बघत नाही म्हणून तो तसाच राहतो. तेवीस हजार तास म्हणजे दिवसरात्र, एक मिनिट न थांबता, दोन वर्षं आठ महिने. आमच्याकडं असं अखंड चालतं ते एकच, दुकानातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र. कुठल्या तरी यंत्रातून काढलेली दमलेली डिस्क नव्या पेटीत घालून मला विकली होती. विकत घेतानाच हा आकडा बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं भाव करण्यात घालवली.

विश्रामबागेत गेले. दुकानदारानं चहा मागवला. मी कपाला हात लावला नाही. डिस्क गेल्याचं मी फोनवर आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यानं तयारी केलेली होती.

"आवं ताई, मी चौकशी केली. तुमचा सुभेदार रोज डिस्क उपटायचा, कपाटात टाकायचा. अशानं डिस्क टिकंल व्हय? वॉरंटीत बसत न्हाई हे. कंपनी म्हणणार, चुकीचा वापर."

हे मीच त्याला सांगितलं होतं, हसत हसत, एकदा केबल घ्यायला गेले होते तेव्हा. तेच त्यानं जपून ठेवलं होतं.

मी पिशवीतून ते लांबोडकं रजिस्टर काढून काउंटरवर ठेवलं. सुभेदारांनी ते मला देताना बाहेर काढल्याची सही घेतली होती. म्हटलं, "वाच. बसवल्या दिवसापासून कामाचे एकशे बहात्तर दिवस. रोज सकाळी दहाला बाहेर, साडेपाचला जमा. बेरीज सुलभानं केलीय, तेराशे तासही भरत नाहीत. आता हा पुण्याचा कागद वाच. तेवीस हजार. बाकीचे बावीस हजार तास ही कुठं होती? तुझ्या घरी कीर्तनाला?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती थांबली. त्यानं रजिस्टरची पानं उलटली, एक, दोन, दहा. प्रत्येक ओळीवर सही. जमा केल्याशिवाय एक दिवस नाही. डिस्क रात्रभर चालू राहिली असेल असं म्हणायची वाटच त्या म्हाताऱ्या माणसानं बंद करून ठेवली होती. ज्या रजिस्टरला मी हसले होते ते माझ्या बाजूनं एकटं उभं होतं.

दुकानदाराचा आवाज खाली आला. "ताई, मला बी वरनंच असा माल आला असंल. मी बी फसलोय."

"मग वरच्याचं नाव सांग."

"त्ये कसं सांगणार? धंदा हाय."

"आणि त्या दिवशी तीन मिनिटांत भाव सोडलास ते?"

त्यानं माझा कप बाजूला सारला. मग ड्रॉवर उघडला. सगळे पैसे परत, वर दोन नव्या डिस्क, माझ्यासमोर तास तपासून. "मिटवा ताई. धंद्यात होतं असं. अकरा वर्षांचं आपलं."

समोरचा माझ्या मनासारखा भाव देत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो नको होता. त्याला विचारलं, "या दोन डिस्कांत ती एक ओळ आहे का?" त्याला कळलंच नाही मी कुठल्या ओळीबद्दल बोलतेय. मग सांगितलं. शेवंताबाई, सुमन, वाळवी, भुस्सा, सगळं. तो म्हणाला, "वाईट झालं." आणि त्याच दमात, "पन प्रतिज्ञापत्र करता येतंय की."

करता येतं. केलंय. सुभेदारांनी पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्रही पाठवलंय, त्या नोंदीची प्रत मागायला. दोनदा स्मरणपत्र गेलं. आठवड्यापूर्वी शेवंताबाई पुन्हा येऊन गेल्या. तिथल्या बाकावर त्यांची जागा आता ठरल्यासारखी झालीय. प्रतिज्ञापत्रावर त्यांनी अंगठा दिला आणि म्हणाल्या, "मालकांनी सगळं नीट करून ठिवलंवतं." एवढंच. कोणाला दोष दिला नाही. मला दिला असता तर बरं वाटलं असतं.

माझा दोष मी टाळत नाही. दोन डिस्कांसाठी मी आणखी भांडायला हवं होतं. आकडा बघायला हवा होता. आता बघते, प्रत्येक डिस्कचा, दुकानातच, दुकानदाराच्या तोंडावर, आणि सगळ्यांना बघायला सांगते. केंद्रासाठी आता माझ्या खर्चानं दोन डिस्क आहेत. दोघींची दोन रजिस्टरं आहेत, आणि दुसरी ठेवते ते माझ्या घरातलं कपाट आहे. मीही रोज सही करते. हसणारे हसोत.

पण माझी चूक म्हणजे त्याची लबाडी नव्हे. मी बघितलं नाही. त्यानं बघितलं होतं, म्हणून तर पेटी बदलली. आणि त्याच्या वर जो कोणी आहे त्यानंही बघितलं होतं. हे लोक म्हणतात, डिस्क काय, बदलून देतो. हवालदार बदलून देतील का?

मला पैसे नकोत, हे मी त्याला तेव्हाच सांगितलंय. मला वेगळं हवंय आणि ते इथं छापून मागते. केंद्र सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते साडेपाच उघडं असतं. बाक आहे, बाकासमोर खुर्ची आहे. त्यानं विश्रामबागेतून एसटीनं यावं, माल कुणाकडून घेतला ते नाव घेऊन यावं, त्या खुर्चीत बसावं आणि शेवंताबाईंना स्वतःच्या तोंडानं सांगावं की त्यांची ओळ कशी गेली. सुभेदारांनी जुन्या रजिस्टरमध्ये शेवटच्या नोंदीखाली एक ओळ रिकामी सोडलीय. दिनांक, आत आल्याची वेळ, सही.

ती भरल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. कधी येतोस ते सांग.